सबअवॉर्ड की खरेदी? अमेरिकी सरकारी अनुदानातला पैसा पुढे देताना

अमेरिकेच्या फेडरल सरकारचं अनुदान मिळालेली संस्था सगळं काम क्वचितच स्वतः करते. काही भाग दुसऱ्या विद्यापीठाकडे जातो, काही गावपातळीवरच्या सेवाभावी संस्थेकडे, काही लॅबकडे, छापखान्याकडे किंवा सॉफ्टवेअर कंपनीकडे. प्रत्येक वेळी पैसा आपल्या हातून पुढे जातो आणि प्रत्येक वेळी ठरवावं लागतं: हे पुढचं अनुदान आहे, म्हणजे सबअवॉर्ड, की आपण काहीतरी विकत घेतोय, म्हणजे खरेदीचं कंत्राट?

समोरच्या पार्टीची निवड स्पर्धेतून करायची की नाही, तिला नफा घेता येतो की नाही, तिच्या कामावर देखरेख किती, तिचं ऑडिट कोणतं, आपल्याला इनडायरेक्ट कॉस्ट, म्हणजे संस्थेच्या सामायिक खर्चाचा वाटा, किती लावता येते आणि सरकारी संकेतस्थळावर काय कळवायचं, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. सुरुवातीला चुकीचा रकाना निवडला की पुढची प्रत्येक पायरी मन लावून केली तरी चुकीचीच होते. म्हणून हा निर्णय करार लिहिण्याच्या आधी, शक्यतो अर्जाचं बजेट मांडतानाच घ्यायचा असतो.

नियम आहे २ सीएफआर (अमेरिकेच्या फेडरल नियमांची संहिता) भाग २००, म्हणजे ‘युनिफॉर्म गायडन्स’. त्यातलं कलम २००.३३१ नेमकं याच प्रश्नाबद्दल आहे. हेच कलम आधी २००.३३० होतं, २०२०च्या सुधारणेत क्रमांक बदलला. तुमच्या संस्थेच्या फॉर्मवर अजून ‘२००.३३०’ छापलेलं असेल तर तो फॉर्म जुना आहे, आणि त्यातले आकडेही बहुधा जुनेच असतील. एप्रिल २०२४मध्ये मोठी सुधारणा झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाली. त्याआधी मिळालेल्या अनुदानांवर अनेकदा जुनेच आकडे चालू राहतात. कोणती आवृत्ती लागू आहे ते अनुदानपत्रातल्या अटींत पाहा, अंदाजाने ठरवू नका.

आधी काम पाहा

नियमाचा कणा असा की कराराचं रूप नव्हे, नात्यातला खरा आशय महत्त्वाचा. वर मोठ्या अक्षरात ‘कंत्राट’ लिहिलं तरी आतलं काम सबअवॉर्डचं असेल तर तो सबअवॉर्डच. ‘भागीदारी करार’, ‘सामंजस्य करार’ अशी सभ्य नावंही ऑडिटरच्या लेखी काही ठरवत नाहीत.

सबअवॉर्ड घेणाऱ्या संस्थेला सबरिसिपिएंट म्हणतात. तिची पाच लक्षणं नियमात दिली आहेत. फेडरल मदत कोणाला मिळावी हे ती ठरवते. तिचं काम कार्यक्रमाची उद्दिष्टं साधली का यावर जोखलं जातं. कार्यक्रमातले निर्णय घेण्याची जबाबदारी तिच्याकडे असते. अनुदानाच्या अटी तिला स्वतःला पाळाव्या लागतात. आणि ती कायद्यात सांगितलेल्या सार्वजनिक हेतूसाठी कार्यक्रम राबवते. तुम्हाला एखादी वस्तू किंवा सेवा पुरवणं हा तिचा उद्देश नसतो.

कंत्राटदाराची लक्षणंही पाच. ती वस्तू किंवा सेवा तो आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून देतो, अनेक गिऱ्हाइकांना देतो, बाजारात इतरांशी स्पर्धा करून देतो, त्याचं काम कार्यक्रमाला पूरक असतं, आणि या करारामुळे कार्यक्रमाच्या अटी त्याच्यावर येत नाहीत. इतर कायद्यांमुळे तशाच अटी त्याला लागू असतील, तर ती गोष्ट वेगळी.

सगळी लक्षणं एकाच बाजूला पडतील अशी अपेक्षा ठेवू नका, नियमही ती ठेवत नाही. बेरीज करून ‘तीन विरुद्ध दोन’ असा निकाल लावणं ही तर सर्रास होणारी चूक आहे. आमच्या मते सगळ्यात वजनदार लक्षण कार्यक्रमातल्या निर्णयाचं. स्वतःला एवढंच विचारा: काम कसं करायचं, कोणासाठी करायचं आणि आराखडा मध्येच फसला तर तो कसा बदलायचा, हे कोण ठरवतं? तुम्ही ठरवून सांगत असाल आणि समोरचा तेवढंच करून बिल देत असेल, तर ती खरेदी. समोरचा ठरवत असेल आणि निकालाची जबाबदारीही घेत असेल, तर सबअवॉर्ड.

संस्था नफ्यासाठी चालते की सेवाभावी आहे, यावरून मात्र काहीच ठरत नाही. सेवाभावी संस्था कंत्राटदार असू शकते आणि खासगी कंपनी सबरिसिपिएंट. एकच विद्यापीठ एका प्रकल्पात तुमचं सबरिसिपिएंट, दुसऱ्यात कंत्राटदार आणि तिसऱ्यात थेट अनुदानधारक असू शकतं. संस्थांची एकदाच यादी करून समोर शिक्का मारून ठेवण्याची पद्धत म्हणूनच चालत नाही. प्रत्येक करार वेगळा तपासायचा.

जवळजवळ सारखी दिसणारी कामं

समजा, एका राज्याच्या आरोग्य खात्याला मधुमेह टाळण्याच्या कार्यक्रमासाठी सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं, अनुदान आहे. माहितीपत्रकं छापणारा छापखाना कंत्राटदार, यात वाद नाही. ठरलेल्या दराने रक्त तपासून अहवाल पाठवणारी लॅबही कंत्राटदारच. वस्तीत वर्ग चालवणारी, कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारी, किती लोकांचं वजन उतरलं याचा हिशेब देणारी संस्था सबरिसिपिएंट.

आता गाड्यांचं पाहू. रुग्णांना वर्गापर्यंत आणणारी टॅक्सी कंपनी दर फेरीमागे पैसे घेते. कोणाला आणायचं ती यादी तुम्ही देता. ही खरेदी. त्याच गाड्या एखाद्या सेवाभावी संस्थेच्या असतील, फुकट फेरी कोणाला द्यायची हे ती उत्पन्न आणि आजार पाहून ठरवत असेल, आणि किती गरजूंपर्यंत पोचलो याचा जबाब तीच देत असेल, तर तो सबअवॉर्ड. इथे एक बारकावा आहे. तुम्ही दिलेल्या यादीत नाव आहे का हे खिडकीवर बसून पाहणं म्हणजे पात्रता ठरवणं नव्हे. निकष लावून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असेल, तरच ते लक्षण खरं लागू होतं.

संशोधनात सर्वाधिक गोंधळ दोन ठिकाणी होतो. पहिलं म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातली लॅब. तिथला प्राध्यापक सहसंशोधक असेल, प्रयोगाची आखणी करत असेल, शोधनिबंधात लेखक म्हणून येणार असेल, तर सबअवॉर्ड. त्याच विद्यापीठाच्या जनुकक्रम तपासणाऱ्या विभागाला तुम्ही नमुने पाठवता आणि ते छापील दराने बिल देतात, तर खरेदी. दुसरी जागा बाहेरच्या मूल्यमापकाची. त्याने तुमच्या आराखड्यानुसार मुलाखती घेऊन तुम्हाला अहवाल द्यायचा असेल, तर बहुतेक वेळा तो कंत्राटदार. मूल्यमापन हाच प्रकल्पाचा संशोधनप्रश्न असेल आणि पद्धत ठरवण्यापासून प्रकाशनापर्यंत तो सहभागी असेल, तर पारडं सबअवॉर्डकडे झुकतं.

आणखी एक गट यातून बाजूलाच काढायचा असतो, तो लाभार्थींचा. कार्यक्रमाचा फायदा मिळणारी व्यक्ती किंवा प्रशिक्षणासाठी भत्ता घेणारा सहभागी ना सबरिसिपिएंट असतो, ना कंत्राटदार. त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत.

इनडायरेक्ट कॉस्टचं गणित

इथे पैसा थेट हलतो, म्हणून जरा थांबू. इनडायरेक्ट कॉस्ट म्हणजे कार्यालयभाडं, लेखाविभाग, वीज असा सामायिक खर्च. तो ‘एमटीडीसी’ नावाच्या सुधारित थेट खर्चाच्या टक्केवारीने लावतात. या पायाभूत रकमेत प्रत्येक सबअवॉर्डचे फक्त पहिले ५०,००० डॉलर धरायचे असतात. जुन्या आवृत्तीत ही मर्यादा २५,००० होती. सेवा खरेदीच्या कंत्राटाची मात्र पूर्ण रक्कम धरली जाते. ज्या संस्थेकडे सरकारशी वाटाघाटीने ठरलेला दर नाही, ती १५ टक्क्यांपर्यंतचा ठोक दर लावू शकते. आधी तो १० टक्के होता.

समजा, करार २,००,००० डॉलरचा आहे आणि दर १५ टक्के. सबअवॉर्ड असेल तर ५०,०००वर १५ टक्के, म्हणजे ७,५०० डॉलर. सेवेचं कंत्राट असेल तर २,००,०००वर १५ टक्के, म्हणजे ३०,००० डॉलर. फरक २२,५०० डॉलरचा. खरा सबअवॉर्ड ‘कंत्राट’ म्हणून नोंदवला तर हे २२,५०० डॉलर जास्तीचे उचलले गेले असा ऑडिटचा शेरा येतो आणि ते परत करावे लागतात. ५०,०००ची मर्यादा सबअवॉर्डच्या संपूर्ण कालावधीसाठी एकदाच असते. दरवर्षी नव्याने ५०,००० धरणं चूक आहे, आणि ती चूक बऱ्याच हिशेबांत सापडते.

सबरिसिपिएंटलाही स्वतःची इनडायरेक्ट कॉस्ट मिळायला हवी. त्याच्याकडे फेडरल सरकारशी ठरलेला दर असेल तर तो मान्य करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे सगळ्यांना ५ टक्केच देतात’ असं सांगून छोट्या संस्थेला कमी दरावर बसवणं नियमाला धरून नाही, आणि त्याने नुकसान त्या संस्थांचं होतं, ज्यांच्या जिवावर प्रत्यक्ष काम उभं असतं.

नफ्याचंही इथेच सांगून टाकू. कंत्राटदाराने दरात नफा धरला तर काही गैर नाही. सबरिसिपिएंटला मात्र प्रत्यक्ष झालेला, परवानगी असलेला खर्चच मिळतो. अनुदानाच्या अटींत स्पष्ट मुभा नसेल तर नफा नाही. बजेटमध्ये ‘व्यवस्थापन शुल्क ८ टक्के’ अशी मोघम ओळ दिसली की विचारा: हा खर्च आहे की नफा?

खरेदी ठरली तर

कलमं २००.३१७ ते २००.३२७ लागू होतात. रकमेनुसार पायऱ्या आहेत. १ ऑक्टोबर २०२५पासून छोट्या खरेदीची फेडरल मर्यादा १०,०००वरून १५,००० डॉलर झाली. त्याखाली किंमत वाजवी असेल तर कोटेशनशिवाय घेता येतं. त्यापुढे साध्या पद्धतीची मर्यादा २,५०,०००वरून ३,५०,००० डॉलर झाली. तिथपर्यंत पुरेशा पुरवठादारांकडून दर मागवून निवड करायची. त्याच्यावर औपचारिक निविदा किंवा प्रस्ताव, आणि किंमतीचं विश्लेषण. तुमच्या राज्याची किंवा संस्थेची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची. मोठं काम तुकडे करून मर्यादेखाली बसवणं चालत नाही.

इथे सर्वात जास्त पाय घसरतो तो ‘पण अर्जात त्यांचं नाव लिहिलंच होतं’ या समजुतीवर. अर्जात पुरवठादाराचं नाव होतं आणि बजेट मंजूर झालं, म्हणून स्पर्धा माफ झाली असं होत नाही. स्पर्धेविना खरेदीसाठी ठरावीक कारणं लागतात: रक्कम छोट्या खरेदीच्या मर्यादेत असणं, वस्तू खरोखर एकाच ठिकाणी मिळणं, तातडीची सार्वजनिक निकड, अनुदान देणाऱ्या खात्याची लेखी परवानगी, किंवा दर मागवूनही पुरेशी स्पर्धा न मिळणं. जो सल्लागार तुमच्यासाठी निविदेतली तांत्रिक मागणी लिहितो, त्याला त्याच निविदेत उतरता येत नाही. आणि खर्चावर टक्केवारीने मोबदला देणारं कंत्राट पूर्णपणे निषिद्ध आहे, कारण त्यात खर्च वाढवणाऱ्यालाच फायदा होतो.

सबअवॉर्ड ठरला तर

सबरिसिपिएंट निवडताना युनिफॉर्म गायडन्स खरेदीसारखी स्पर्धा मागत नाही. विशिष्ट कार्यक्रम किंवा राज्याचा कायदा मागू शकतो. पण ही सवलत फुकट नाही. त्या बदल्यात कलम २००.३३२ची देखरेख तुमच्यावर येते.

पहिली गोष्ट परवानगीची. मंजूर अर्जात सबअवॉर्ड नसेल तर आधी खात्याकडून लेखी मान्यता घ्या. मग समोरच्या संस्थेवर फेडरल पैशाबाबत बंदी नाही ना, हे सॅम डॉट गव्ह या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासा आणि त्या दिवसाची प्रत फाइलला लावा. संस्थेकडे यूईआय, म्हणजे सरकारने दिलेला ओळख क्रमांक, हवा. एप्रिल २०२२मध्ये जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. यूईआय मिळवायला सॅमची पूर्ण नोंदणी लागत नाही, हे छोट्या संस्थांना आवर्जून सांगा, नाहीतर त्या महिनाभर विनाकारण अडकतात.

करारात फेडरल अनुदान क्रमांक, अनुदानाची तारीख, कालावधी, या टप्प्यात दिलेली रक्कम आणि आजवरची एकूण रक्कम, असिस्टन्स लिस्टिंगचा (फेडरल मदत-कार्यक्रमांच्या यादीतला) क्रमांक आणि नाव, काम संशोधनाचं आहे की नाही, आणि इनडायरेक्ट दर हे सगळं लागतं. यातला एखादा रकाना रिकामा राहणं हा ऑडिटमधला नेहमीचा शेरा आहे. एखादी माहिती त्या वेळी हाती नसेल तर उपलब्ध असलेली उत्तम माहिती लिहा आणि नंतर दुरुस्तीपत्र जोडा.

त्यानंतर जोखीम तपासायची: संस्थेला अशा पैशाचा अनुभव आहे का, मागच्या ऑडिटमध्ये काय निघालं, लेखाप्रणाली किंवा मुख्य माणसं नुकतीच बदलली आहेत का. जोखीम जास्त म्हणून पैसे नाकारायचे नसतात. बिलासोबत पावत्या मागा, भेटी वाढवा, प्रशिक्षण द्या. जोखमीचा तक्ता भरला पण देखरेख सगळ्यांवर सारखीच ठेवली, तर तो तक्ता भरून उपयोग काय?

३०,००० डॉलर किंवा त्याहून मोठा सबअवॉर्ड पारदर्शकता कायद्याखाली कळवावा लागतो. मुदत असते ज्या महिन्यात सबअवॉर्ड दिला त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. मार्च २०२५पासून ही नोंद सॅम डॉट गव्हवरच होते. जुनं वेगळं संकेतस्थळ बंद झालं. वर्षाला १०,००,००० डॉलर किंवा जास्त फेडरल पैसा खर्च करणाऱ्या संस्थेला सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या फेडरल पैशाचं एकत्रित ऑडिट, लागतं. आधी ही मर्यादा ७,५०,००० होती. सबअवॉर्डचा पैसा या बेरजेत येतो, कंत्राटाचं उत्पन्न येत नाही. म्हणजे तुम्ही चुकीचं वर्गीकरण केलं तर समोरच्या संस्थेचं ऑडिटही चुकतं: नको असताना होतं, किंवा हवं असताना राहून जातं. खासगी कंपनी सबरिसिपिएंट असेल तर सिंगल ऑडिटचा नियम तिला आपोआप लागत नाही, तेव्हा तपासणीच्या अटी करारातच लिहाव्या लागतात.

भारतातल्या संस्थांना हे का कळायला हवं

अमेरिकी अनुदानाचा पैसा पुण्या-मुंबईतल्या संस्थेपर्यंत येतो तेव्हा हाच प्रश्न भारतीय कायद्यात वेगळ्या रूपाने उभा राहतो. विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरएमध्ये कलम २च्या स्पष्टीकरणानुसार, नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या वस्तू किंवा सेवेची किंमत ‘विदेशी योगदान’ धरली जात नाही. त्यामुळे कंत्राटदार म्हणून डेटाचं काम करणाऱ्या कंपनीचं बिल हे तिचं व्यावसायिक उत्पन्न. सबअवॉर्ड घेणाऱ्या सेवाभावी संस्थेला मात्र एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो.

शिवाय सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनंतर कलम ७नुसार मिळालेलं विदेशी योगदान दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे अमेरिकी विद्यापीठाच्या आराखड्यात ‘मुख्य भारतीय संस्था आणि तिच्याखाली चार गावपातळीवरच्या संस्था’ अशी उतरंड असेल, तर ती अमेरिकी नियमात बसते, पण भारतात अडते. चौघांनाही थेट करार द्यावा लागतो, आणि प्रत्येकीकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्या चार संस्थांना कागदावर ‘सेवा पुरवठादार’ म्हणून दाखवणं हा मार्ग दोन्ही देशांत धोक्याचा आहे, कारण दोन्हीकडे खरं काम पाहिलं जातं.

असाच मोह १ मे २०२५नंतर झाला. त्या दिवशी एनआयएचने, म्हणजे आरोग्य संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, जाहीर केलं की नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी सबअवॉर्ड असलेली अनुदानं देणार नाही. अशा वेळी सहसंशोधकाचं काम ‘कंत्राट’ म्हणून लिहावंसं वाटणं समजण्यासारखं आहे, पण तो माणूस प्रयोग आखत असेल तर नाव बदलल्याने काम बदलत नाही. खात्याच्या अधिकाऱ्याला लेखी विचारणं हाच रस्ता.

चूक मध्येच लक्षात आली तर

निर्णयाची नोंद एका पानाची असली तरी पुरते: कामाचं वर्णन, प्रत्येक लक्षणाबद्दल एक-दोन वाक्यं, अंतिम मत आणि त्याचं कारण, तारीख, सही. नुसत्या ‘हो/नाही’च्या खुणा पुरेशा नाहीत; ऑडिटरला तर्क वाचायचा असतो. कामाचा आवाका बदलला की हे पान पुन्हा भरायचं. लॅबने नमुने तपासण्यापलीकडे रुग्ण निवडायला सुरुवात केली, तर वर्षभरापूर्वीचा ‘खरेदी’चा निष्कर्ष तिथेच संपला.

कंत्राट म्हणून चाललेलं काम सबअवॉर्ड निघालं, तर ते बऱ्यापैकी सावरता येतं. खात्याला कळवा, मान्यता राहिली असेल तर मागा, करारात राहिलेली माहिती दुरुस्तीपत्राने घाला, जोखीम तपासून देखरेख सुरू करा, राहिलेली नोंद सॅमवर करा, आणि इनडायरेक्ट कॉस्ट पहिल्या दिवसापासून नव्याने मोजून जास्तीची रक्कम परत जमा करा. समोरच्या संस्थेलाही लगेच सांगा, कारण तिच्या ऑडिटची बेरीज बदलते.

उलट दिशेची चूक जास्त अवघड. सबअवॉर्ड समजून दिलेलं काम खरेदी निघालं, तर न झालेली स्पर्धा मागच्या तारखेने घडवता येत नाही, आणि तसे कागद करणं ही साधी चूक राहत नाही. अशा वेळी उरलेलं काम थांबवून त्याची रीतसर खरेदी करा, झालेल्या कामाचा दर बाजारभावाशी ताडून त्याची नोंद ठेवा आणि सगळं खात्यापुढे मांडा. खर्च मान्य होईल की नाही हे खातं ठरवेल, पण दर वाजवी होता हे दाखवणारा कागद तुमच्याकडे असेल तर बोलायला काहीतरी हातात राहतं.